तिसऱ्या भागातलं प्रेत

शुक्रवारी रात्री मालिका संपते,
आणि शनिवारी सौनाची चूल पेटली
की आमचा तपास सुरू होतो.

हीउमा बेटावर नोव्हेंबरात दुसरं काय करणार?
चौघी बायका, अंगावर सूत नाही.
सगळ्यात वरच्या फळीवर हेल्वे,
खाली माइमू आणि लाइने,
दाराजवळ मी. मला धग फार सोसत नाही.

हेल्वे एकतीस वर्षं फेरीबोटीच्या तिकीटखिडकीत होती.
ती म्हणते, खुनी मेव्हणा नव्हेच.
"हिवाळ्यात बुधवारी आठ-चाळीसची बोट नसते.
मग आला कसा? पोहत?"
आणि तापल्या दगडांवर पळीभर पाणी ओतते,
निकालावर शिक्का मारावा तसं.

माइमूचं औषधांचं दुकान होतं.
ते विष, म्हणे, इतक्या लवकर चढतच नाही.
निदान चाळीस मिनिटं.
तेवढ्यात ती बाई चालत दवाखान्यात पोचली असती,
वाटेत पाव घेऊन.

लाइनेला विषाशी देणंघेणं नाही.
तिचा जीव इन्स्पेक्टर ओयासूत.
पहिल्या वर्षी तो बिनसाखरेची कॉफी प्यायचा,
यंदा दोन चमचे घालतो.
"पाणी मुरतंय कुठेतरी," ती म्हणते.
"जोडीदार गेला की माणूस गोड खायला लागतो.
माझंही तसंच झालं."

यावर कुणी बोलत नाही.
माइमू भूर्जाची ओली जुडी उचलते
आणि लाइनेच्या पाठीवर हलके फटके मारत राहते,
नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ.

मी कमी बोलते.
तिसऱ्या भागातलं प्रेत मी आहे.

बेटभर माहीत आहे ते. दुकानात पोरं
मला बघून डोळे पांढरे करतात.
सहा तास पडले होते किनाऱ्यावरच्या गोट्यांवर,
ज्युनिपरच्या झुडपांपाशी, अनवाणी.
रंगवणारी मुलगी निळा रंग घेऊन ओठांपाशी आली
आणि म्हणाली, राहू दे, आपोआपच झालेत.
श्वास घेताना दिसायचं नाही, एवढंच काम.
मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही म्हणतात.
थंडीचं काय, ते त्या म्हणीत नाही.

संहितेत माझं नाव मारेत.
वय बावन्न, मासेमारीची जाळी विणणारी.
बाकी कोरं.
पडल्या पडल्या मग मीच ठरवलं:
तिला बीट आवडत नाही.
ताल्लिनला एक बहीण आहे, तिला ती
दर रविवारी फोन लावते
आणि उचलायच्या आत ठेवून देते.
खुनी कोण, हे तिला माहीत होतं.
मला नव्हतं.

चार भाग झाले. मेव्हण्याचा हेतू, मेव्हण्याची बोट,
मेव्हण्याचे बूट, सगळं चघळून झालं.
मारेतला काय आवडायचं,
हे अजून कुणी विचारलेलं नाही.

आज हेल्वेला नवी चूक सापडलीय.
थांबवून थांबवून चार वेळा पाहिला म्हणे तो भाग.
"प्रेताचे पाय आधी उघडे.
मग डोळ्याचं पातं लवेपर्यंत त्यांवर कोट.
मग पुन्हा उघडे!
एवढे पैसे घेतात, आणि डोळे कुठे ठेवतात?"

माइमू म्हणते, चूक नाही, खुनी परत आला होता.
लाइने म्हणते, पुढे तो कोट सापडेल,
खिशात तिकीट असेल.
"कुठल्या बोटीचं?" हेल्वे कडाडते.

मग तिघी माझ्याकडे बघतात.
तू तर तिथेच होतीस.

होते. डोळे मिटून.
कुणीतरी वाकलं, तंबाखूचा वास आला,
आणि पायांवर जड, अंगाची ऊब असलेली लोकर.
मालिकेत ओयासू सिगारेट ओढत नाही.
लांबून कुणी ओरडलं, कोट गेला.
कॅमेरा तेवढ्यात चालू झाला असणार.

त्या क्षणी मी श्वास घेतला.
खोल, छाती हलेल एवढा.
तो काही हेल्वेला दिसला नाही,
चार वेळा बघूनही.

"प्रेताला काय कळतं," मी म्हणाले,
आणि पळी उचलून दगडांवर पाणी ओतलं.
वाफेत एकमेकींचे चेहरे दिसेनासे झाले.
बराच वेळ नुसतं चर्र.

मग वरच्या फळीवरून आवाज आला:
"काही म्हणा. मेव्हणा नव्हेच."